हळद मधून वाळली का? शिजवण्यापासून थप्पीपर्यंत बुरशी टाळण्याची रीत

सौद्यात पोतं फोडलं की व्यापारी एक हळकुंड उचलतो, दोन्ही अंगठे मधोमध रोवतो आणि मोडतो. ‘कट्’ असा आवाज आला तर तो पुढचं पोतं बघतो. आवाज न येता हळकुंड जरासं वाकलं, मग चिरत मोडलं, तर तो मोडलेलं तोंड नाकाला लावतो. त्या दोन सेकंदांत आपल्या नऊ महिन्यांच्या पिकाचा दर ठरलेला असतो. वरून पिवळीधमक, पॉलिश मारलेली हळद आणि आत ओलसर गाभा, ही जोडी व्यापाऱ्याला नवी नाही. बुरशीलाही नाही.

सांगली भागात जानेवारीपासून मार्चपर्यंत आणि हिंगोली-वसमत-नांदेडकडे त्याच्या थोडं पुढे, एप्रिलपर्यंत, काढणी चालते. या दिवसांत ऊन रग्गड असतं, त्यामुळे हळद वाळवण्यात शिकण्यासारखं काय आहे असं वाटतं. मलाही वाटायचं. बुरशी गोदामात लागते, पावसाळ्यात लागते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गोदामात ती फक्त दिसते. तिची सोय आपण खळ्यावरच केलेली असते, शिजवल्यापासून गाभा सुकेपर्यंतच्या दहा-पंधरा दिवसांत.

काढणी आणि निवड

पाणी काढणीच्या पंधरा दिवस ते महिनाभर आधी तोडायचं. जमीन भारी असेल तर लवकर, हलकी असेल तर थोडं उशिरा. पाला वाळून जमिनीवर लोळला की तो जमिनीलगत कापायचा आणि चार-पाच दिवस रान तापू द्यायचं. मग कुदळीने किंवा ट्रॅक्टरच्या यंत्राने काढणी. काढलेले कंद दोन-तीन दिवस उन्हात राहिले की माती आपोआप सुटते. ओल्या मातीसकट ढीग घातला की तीच माती पुढे काहिलीत जाते आणि रंग घालवते. शिवाय हळदीला लागणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीचं मूळ घर मातीच आहे, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

निवड करताना जेठे गड्डे (मधले मुख्य कंद) वेगळे, बगलगड्डे (त्यांच्या बगलेला आलेले) वेगळे, हळकुंडं वेगळी आणि सोरा गड्डे (लावलेलं जुनं बेणं) वेगळे. ही निवड प्रतवारीपुरती असती तर शेवटी केली असती तरी चाललं असतं. पण जाड गड्डा आणि करंगळीएवढं हळकुंड एकाच वेळेत शिजत नाही आणि एकाच वेळेत वाळतही नाही. एकत्र शिजवलं तर एकतर गड्डा कच्चा राहतो, नाहीतर हळकुंडाचा लगदा होतो. एकत्र वाळवलं तर हळकुंडं झाली म्हणून आपण पोतं भरतो आणि त्यातले दहा गड्डे अजून ओलेच असतात. पोत्यात ते दहाच आपली ओल शेजाऱ्यांना वाटतात. मोठे गड्डे मधून दोन फाकी करून शिजवले तर दोन्ही कामं सोपी होतात.

कुदळीचा घाव बसलेले, कुजके, नरम पडलेले कंद इथेच बाजूला काढा. मजूर म्हणतात, ‘शिजल्यावर कळत नाय.’ तीच तर अडचण आहे.

शिजवणं

काढणीनंतर चार-पाच दिवसांत शिजवलेलं चांगलं. फार तर पंधरवडा. आणि इथे एक गोष्ट कुठल्याही पुस्तकी क्रमात बसत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे: वाफेवर हळद शिजवून देणाऱ्या कुकरवाल्याला बोलावण्याआधी पुढच्या पाच दिवसांचा हवामानाचा अंदाज बघा. कच्ची हळद सावलीत, पाल्याखाली, काही दिवस थांबते. न काढलेली तर जमिनीत त्याहून निवांत असते. शिजलेली हळद एक दिवसही थांबत नाही. कुकर गावात आलाय, शेजाऱ्याचं आटोपलंय, आपला नंबर लागलाय म्हणून ढगाळ हवेत शिजवायला घेऊ नका.

शिजवल्याने काय होतं ते समजलं की किती शिजवायची हे आपोआप समजतं. कंदातलं स्टार्च उकळीत फुगून एकजीव होतं, त्यामुळे पिवळा रंग गाभ्यापासून सालीपर्यंत सारखा पसरतो. कोंब मरतात. पाणी बाहेर पडायला वाट मिळते, म्हणून न शिजवलेल्या हळदीला जिथे महिनाभर लागतो तिथे शिजवलेली दहा ते पंधरा दिवसांत वाळते. आणि मातीबरोबर आलेलं बुरशीचं बीजही बरंचसं इथेच मरतं. म्हणजे काहिलीतून किंवा कुकरमधून निघते तेव्हा हळद तिच्या आयुष्यातली सर्वांत स्वच्छ असते. पुढे तिला घाण लावतो ते आपण.

उघड्या काहिलीत जाळीच्या ड्रमात शिजवत असाल तर पाण्याला उकळी फुटल्यापासून साधारण पाऊण ते एक तास. पाणी हळदीच्या वर दोन-तीन बोटं हवं. ते चिखलाळ झालं की बदलायचं. वाफेच्या कुकरमध्ये काम मिनिटांत होतं आणि पाणी, जळण दोन्ही वाचतं. आता बहुतेक ठिकाणी तेच चालतं. फक्त कुकरवाला ड्रमावर पैसे घेतो, त्यामुळे त्याला घाई असते. ती घाई आपल्या हळदीत शिरू देऊ नका. पहिल्या ड्रमाला स्वतः उभं राहून वेळ पक्की करा आणि त्या प्लॉटच्या मालाला तीच वेळ धरा.

घड्याळापेक्षा तुराटीवर भरवसा ठेवा. बोथट टोकाची तुराटी हळकुंडात दाबली की लोण्यात गेल्यासारखी नको, उकडलेल्या बटाट्यात जाते तशी जायला हवी. मग ते हळकुंड आडवं कापून बघा. मध्ये फिक्कट, पिठूळ टिकली दिसली तर कच्चं आहे. असं हळकुंड वाळल्यावर मधून ठिसूळ होतं, पॉलिशच्या ड्रमात तुटतं आणि त्याची कणी पडते. उलट बोटाने दाबताच साल सुटली, तर जास्त झालं. जास्त शिजलेल्याचा रंग काळपट पडतो आणि चिकट अंगाला धूळ बसते. उकळत्या पाण्यात चुना किंवा सोडा टाकायची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. त्याची गरज नाही. रंग वाणात असतो आणि नीट शिजवण्यात असतो.

वाळवण: खरी लढाई इथेच

शिजलेला ड्रम खळ्यावर ओतला की वाफेचा लोट उठतो. तो निघून जाऊ द्या. संध्याकाळचा शेवटचा ड्रम तसाच ढिगात ठेवून ‘सकाळी पसरू’ म्हणणं ही मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक. रात्रभर गरम आणि ओला ढीग म्हणजे बुरशीला अंथरूण-पांघरूण दोन्ही. रात्रीचे दहा वाजले तरी चालेल, पसरून झोपा.

खाली काय आहे याला फार महत्त्व आहे. नुसत्या मातीवर, शेणाने सारवलेल्या खळ्यावरही, नको. उकळून बीज मारलं आणि परत मातीत लोळवलं, असं होतं. सिमेंटचा कोबा झाडून, धुऊन, वाळवून घ्या; नसेल तर बांबूची चटई किंवा स्वच्छ ताडपत्री. गेल्या वर्षीची ताडपत्री घडी उघडताना नाकाला कुबट लागली तर ती आधी दोन दिवस उन्हात टाका. कोंबड्या, कुत्री, शेळ्या यांना कुंपण करा. सांगायची गोष्ट नाही, पण सांगतो.

थर दोन ते तीन इंच, म्हणजे पाच ते सात सेंटिमीटर. पातळ थर लवकर वाळेल म्हणून एकेक हळकुंड सुटं पसरलं तर कडक उन्हात साल भाजते आणि वरचा रंग फिका पडतो. जाड थर घातला तर खालची बाजू घामेजते. पहिल्या दिवशी हात लावू नका, साल नाजूक असते. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-दुपार लाकडी दाताळ्याने उलटा. लोखंडी दाताळं सालीला ओरखडे पाडतं आणि ओरखडा म्हणजे बुरशीला उघडं दार.

रात्री दव पडतं. दिवसभर उडालेलं पाणी पहाटे परत येऊन बसतं, म्हणून संध्याकाळी हळद लांबट, बुटक्या वरंब्यात गोळा करून वर बारदान किंवा सुती तळवट घाला. ज्यातून हवा खेळते असंच काहीतरी. सकाळी कोब्यावरचं दव उडाल्यावर, आठ-नऊनंतर, परत पसरा.

प्लास्टिक का नको, हे मी पैसे भरून शिकलोय. एका मार्चमध्ये संध्याकाळी आभाळ भरून आलं. हळद शिजवून चौथा दिवस होता, वरून छान खडखडीत वाटत होती. आम्ही घाईने सगळी ओढून ढीग केला, वर निळी ताडपत्री, कडेला दगड. पाऊस तासभर पडला, पण आभाळ दोन दिवस उघडलं नाही आणि आम्हीही ताडपत्री उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उचलली तर आतल्या बाजूने थेंब ओघळत होते. ढिगात हात घातला, कोपरापर्यंत गरम. आणि मधल्या थरातल्या हळकुंडांच्या पेरापेरांत, जिथे साल जरा दुमडते तिथे, हिरवट-पिवळी भुकटी. पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता. ते सगळं पाणी हळदीतलंच होतं. चौथ्या दिवशी साल सुकलेली असते, पण गाभ्यात निम्म्याहून जास्त पाणी अजून बाकी असतं, हे तेव्हा हाताला कळलं नव्हतं.

तेव्हापासून पावसाची तयारी काढणीच्या आधी करतो. खळ्याच्या दोन्ही बाजूंना बांबू आणि मधोमध ताणलेली दोरी. आभाळ आलं की ताडपत्री हळदीवर पडत नाही, दोरीवर पडते, छपरासारखी. दोन्ही कडा जमिनीपासून हातभर वर. खाली वारा वाहत राहतो. कोब्याला उतार नसेल तर भोवती मातीचा छोटा बांध घाला, म्हणजे वाहतं पाणी आत येणार नाही. आभाळ दोन दिवस हटलंच नाही तर हळद शेडमध्ये इंचभर थरात पसरून पंखे लावा. ऊन नसलं तरी वारा बुरशीला बसू देत नाही. गटाने मिळून पॉलिथिनचा सौर वाळवण बोगदा उभा केला असेल तर उत्तमच, फक्त आतलं तापमान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे रंग आणि सुगंधी तेल दोन्ही जातं.

झाली का, हे कसं ओळखायचं

हळदीत शेवटी १० टक्के किंवा त्याहून कमी ओल राहायला हवी. मीटर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मी तीन गोष्टी करतो.

पहिली: शिजवल्याच्या दिवशी बरोबर पाच किलो हळद कांद्याच्या जाळीदार पिशवीत सैल भरायची आणि थरातच ठेवायची. तिलाही बाकीच्या मालासारखंच उलटायचं, झाकायचं. रोज संध्याकाळी त्याच वेळेला वजन करून भिंतीवर खडूने लिहायचं. सुरुवातीला आकडा झपाझप उतरतो, मग रेंगाळतो. वाण आणि रानाप्रमाणे पाचाचे साधारण एक ते सव्वा किलो होतात. सलग दोन दिवस वजन हललं नाही तर पुढच्या परीक्षेला बसवायचं.

दुसरी: व्यापाऱ्याचीच. पण सगळ्यांत जाड वीस हळकुंडं निवडून, ती दुपारी नाही, सकाळी मोडायची. दुपारी तापलेली हळद हाताला खोटं सांगते. वीसच्या वीस खणखणीत मोडली पाहिजेत आणि मोडलेलं तोंड काचेसारखं चकाकतं, मध्ये गडद ओला ठिपका नसतो. गड्ड्यांसाठी हातोडी घ्या.

तिसरी थोडी नवी आहे. बाजारात आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. काचेची रुंद तोंडाची बरणी पाऊण हळदीने भरायची, यंत्र आत ठेवायचं, झाकण घट्ट लावून चोवीस तास सावलीत ठेवायची. आतली हवा हळदीच्या ओलीशी जुळवून घेते. आकडा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला वाढता येत नाही. ७०च्या वर गेला तर माल अजून झालेला नाही, मग बाहेरून कितीही वाजत असो.

एक जास्तीची पायरी मी गेली काही वर्षं करतो. माल जवळजवळ झाला की एक दिवस सावलीत बारदानाखाली ढीग करून ठेवतो. गाभ्यात अडकलेली ओल सालीपर्यंत येते आणि काल खडखडीत वाटलेली हळद जराशी मऊ लागते. घाबरू नका, यासाठीच ढीग घातला होता. मग दोन दिवस परत ऊन. पोत्यात जाऊन जे होणार होतं ते इथे डोळ्यांसमोर होतं.

बुरशी दिसलीच तर

पांढरी कापसासारखी, काळी काजळीसारखी, हिरवट-पिवळी भुकटीसारखी, अशी ती वेगवेगळ्या रंगांत येते. यातली हिरवट-पिवळी, ॲस्परजिलस फ्लेव्हस, सर्वांत वाईट, कारण ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. त्याने यकृताचा कर्करोग होऊ शकतो. विषाला स्वतःचा रंग नाही, वास नाही. हळद घासली, पॉलिश केली, परत वाळवली तर बुरशी दिसेनाशी होते, विष आतच राहतं. फोडणीत, उकळत्या आमटीतही ते मोडत नाही.

मर्यादा किती बारीक आहे बघा. युरोपात हळदीत अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, सगळे प्रकार मिळून १०. आपल्याकडे मसाल्यांना हीच मर्यादा १५ आणि ३० आहे. ५ मायक्रोग्रॅम किलोला म्हणजे टनभर हळदीत ५ मिलिग्रॅम. त्यामुळे ‘मूठभर खराब आहे, चांगल्यात मिसळून जाईल’ हा हिशोब चालत नाही. ती मूठ अख्खा ढीग घालवू शकते.

म्हणून लागलेला माल तोंडाला फडकं बांधून वेचायचा आणि खोल खड्ड्यात पुरायचा. जनावरांनाही घालायचा नाही, कारण दुभत्या जनावराच्या पोटातून हेच विष रूप बदलून दुधात उतरतं. शेजारची चांगली दिसणारी हळद वेगळ्या पोत्यात, खूण करून ठेवा आणि विकण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. नमुना एका पोत्यातून काढू नका. बुरशी सगळीकडे सारखी नाही, ठिकठिकाणी बसते, त्यामुळे बऱ्याच पोत्यांच्या वरून, मधून, खालून थोडं थोडं घेऊन एकत्र करा.

रंग गेलेली हळद पिवळी करून देणारी भुकटी कोणी आणून दिली तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती लेड क्रोमेट असू शकते, आणि त्यात शिसं असतं. पॉलिशच्या शेवटच्या फेऱ्यांत रंग चढवायचाच असेल तर आपल्याच हळदीची पूड पाण्यात कालवून शिंपडा आणि नंतर परत वाळवा. ते शेवटचं वाळवणं विसरतं आणि पॉलिश झालेली हळद ओलसरच पोत्यात जाते, हेही होतं.

साठवण

उन्हातून उचललेली हळद गरम असताना पोत्यात भरू नका. रात्री पोत्याची कड थंड होते, आतली वाफ तिथे जाऊन थेंब होते. सावलीत निवू द्या, मग भरा. पोती नवी, निदान हळदीचीच. खताची, पेंडीची नको. आत प्लास्टिकचं अस्तर घालायचं की नाही हे बरणीच्या आकड्यावर ठरवा. माल खरोखर सुका असेल तर अस्तर पावसाळी हवा बाहेर ठेवतं. ओल असेल तर तेच अस्तर ती आत कोंडतं, माझ्या निळ्या ताडपत्रीसारखं.

थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. आषाढ-श्रावणात गोदामाची दारं हवेशीर म्हणून उघडी टाकू नका, त्या दिवसांत बाहेरची हवाच ओली असते. हळद पोखरणारे बारीक तपकिरी किडे दिसले तर त्यावर घरचं कुठलंही औषध फवारू नका. पोतं उन्हात ओता, चाळा, परत भरा.

आमच्याकडे यावर जुना तोडगा होता. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाकडे, हळद जमिनीत पेवांत ठेवत. तोंड अरुंद, आत पोट मोठं, कडेने आणि तळाला पाला, वरून माती लिंपून बंद. आत हवाच नाही, त्यामुळे किडा नाही, बुरशी नाही, आणि रंगही चढायचा. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नसे. आधी पेटता दिवा सोडायचे. तो विझला तर आत माणसाच्या श्वासालाही हवा नाही. २००५च्या महापुरात पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि त्यातली बरीच कायमची गेली.

आता पेव नसलेल्या आपण काय करायचं, तर पंधरा दिवसांतून एकदा थप्पीतलं भिंतीकडचं, सर्वांत खालचं पोतं ओढायचं. वरचं नाही, ते नेहमीच चांगलं असतं. शिवण उसवायची, हात कोपरापर्यंत घालायचा. गार आणि कोरडं लागलं तर परत शिवा. उबदार लागलं तर त्याच दिवशी सगळी थप्पी खाली घ्या, पाऊस असला तरी शेडमध्ये पसरून पंखे लावा, आणि पहिलं ऊन पडेल तेव्हा ती बरणी परत काढा.